परिसोत म्हणजे नेमकं काय करोत?

प्रश्न : ताई, आई रोज सकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचते, लहानपणापासून शेवटची ओवी कानावर पडून पडून पाठच झालीये, 'परिसोत सज्जन अखंड'. आता चाळिशीला आल्यावर एकदम डोक्यात आलं की परिसोत म्हणजे काय हे मला माहितीच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, अरे परीस असतो ना, सज्जन परिसासारखे होवोत असं असेल. आणि मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉर्वर्ड आला की परिसणे म्हणजे साधं ऐकणं नव्हे, ज्या ऐकण्याने माणसाचं सोनं होतं ते परिसणे. वाचून छान वाटलं, पण हे खरं आहे का?

उत्तर : तो फॉर्वर्ड माझ्याकडेही आलाय, तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून, एकात तर खाली हात जोडलेले इमोजी पण होते. आधी सरळ उत्तर देते आणि मग गप्पा मारू. परिसणे म्हणजे ऐकणे. बस. परिसोत म्हणजे ऐकोत. 'परिसोत सज्जन अखंड' म्हणजे सज्जनांनी हे सतत ऐकत राहावं अशी कवीची इच्छा. दगडाचा, लोखंडाचा, सोन्याचा इथे काही संबंध नाही.

आता ते 'ओत' काय आहे म्हणाल तर ते तुम्ही स्वतः महिन्यातून चार वेळा तरी टाइप करता. कुणाचा वाढदिवस असला की 'तुमच्या सर्व इच्छा पूर्ण होवोत' टाकतो ना आपण, तेच ते. एकाबद्दल असेल तर होवो, करो, देवो आणि अनेकांबद्दल असेल तर होवोत, करोत, देवोत. समोरच्याला थेट आज्ञा नाही, तिसऱ्याच कुणाबद्दल इच्छा व्यक्त करायची. शिवलीलामृताचे कवी श्रीधरस्वामी समोर बसलेल्याला 'ऐक रे' म्हणत नाहीयेत, अध्याय संपवताना 'जे कोणी सज्जन असतील ते ऐकत राहोत' असं म्हणतायत, त्यात तुमची आई पण आली आणि भिंतीपलीकडून झोपेत ऐकणारे तुम्ही पण आलात. हा ग्रंथ त्यांनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८-१९ च्या सुमाराला बारामतीत पूर्ण केला. मजा म्हणजे ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची, आणि तिथे हेच रूप वेगळं दिसतं. पसायदान आठवा, 'ते सर्वांही सदा सज्जन सोयरे होतु'. होतु म्हणजे आजच्या भाषेत होवोत. सज्जन तेच, इच्छा पण तशीच, शेपूट मात्र या सव्वाचारशे वर्षांत बदललं.

आता फॉर्वर्डकडे येते, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही खरी वाटते, की परिसणे म्हणजे भक्तिभावाने, आदराने, पवित्र असं काहीतरी ऐकणे आणि ऐकणे म्हणजे आपलं रोजचं. मलाही कॉलेजात असताना असंच वाटायचं. मग एकदा तुकोबांचा 'आवा चालिली पंढरपुरा' हा अभंग नीट वाचला आणि गडबड झाली. तुम्हाला आठवत असेल, एक सासू पंढरपूरला निघालीये, म्हणजे निघते आणि वेशीपासून परत येते, कारण जीव सगळा घरातल्या मडक्यांत अडकलाय. त्या अभंगाची सुरुवात काय आहे? 'परिसें गे सुनेबाई, नको वेचूं दूध दहीं.' झालं की नाही! अगं सुनबाई ऐक, दूध-दही खर्च करू नकोस. यात कुठे आली भक्ती, कुठे आलं सोनं? सासू सुनेला दुधादह्याचा हिशोब सांगतीये आणि शब्द वापरतीये परिसें. आणि 'आवा चालिली'चं ध्रुवपद सोडलं तर लगेच पुढच्या ओळीत तीच सासू त्याच सुनेला 'ऐकें गोष्टी सादर बाळे' म्हणते, म्हणजे दोन ओळींत दोन्ही शब्द, एकाच माणसाच्या तोंडी, एकाच माणसाला. (पुढची गंमत विषयाबाहेरची आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, सून म्हणते जा हो सुखाने, मागची काळजी सोडा, तर सासूला वाटतं हिला मी जायलाच हवीये, आणि बेत रद्द.)

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण, तेही तुकोबांचंच. 'परिसें वो माते माझी विनवणी, मस्तक चरणीं ठेवीतसें', हे गंगेला उद्देशून आहे, भागीरथीला. म्हणजे गंगामाईच्या पायावर डोकं ठेवतानाही परिसें आणि सुनेला दुधावरून दम देतानाही परिसें. आदर शब्दात असता तर असं चाललं नसतं. आदर आहे तो 'वो माते'मध्ये आहे, 'मस्तक चरणीं'मध्ये आहे.

मग हा शब्द आपल्याला पवित्र का वाटतो? माझं मत सांगते. कारण तो उरला फक्त पोथीत. बोलण्यातून गेला, पत्रातून गेला, गोष्टीतून गेला, आणि जिथे शब्द बदलायला बंदी असते तिथे तेवढा टिकला, म्हणजे रोज वाचायच्या पोथीत. जुन्या घरातली पितळेची घागर कशी, पणजी त्यात साधं पाणी भरायची, आणि आता आपण ती घासून पुसून हॉलमध्ये ठेवतो आणि पाहुण्यांना हात लावू देत नाही. तसं झालंय परिसणेचं.

आणि कवी लोक हा शब्द हाताशी ठेवायचे त्याचं एक अगदी व्यावहारिक कारण मला दिसतं, ते म्हणजे अक्षरं. ऐकें दोन अक्षरं, परिसें तीन. 'परिसें गे सुनेबाई' मोजून बघा बोटांवर, आठ भरतात, आणि त्याच्याखालच्या 'नको वेचूं दूध दहीं'मध्ये पण आठच. तिथे 'ऐकें गे सुनेबाई' केलं की सात, एक अक्षर कमी, टाळ चुकला. म्हणजे एकाच अर्थाचे दोन मापाचे शब्द खिशात, जिथे जो बसेल तो काढायचा. हे ऐकून काहींना वाईट वाटेल की एवढं साधं कारण कसं असेल, पण मला उलट तुकोबा जास्त जवळचे वाटतात बोटांवर अक्षरं मोजताना.

उलट बाजू पण बघा. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, त्याचं पहिलंच गाणं, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. आता हे मात्रांचं काम आहे (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन), ऐकती म्हणजे दोन एक दोन अशा पाच मात्रा आणि परिसती म्हणजे एक एक एक दोन अशा पण पाचच. विषय रामायण, ऐकणारे साक्षात प्रभू, माप सारखं, म्हणजे जुना शब्द आणायला सगळी सोय होती, तरी तिथे ऐकती आहे. रेडिओवर, घराघरात पोचायचं होतं, आणि तोवर परिसती म्हटल्यावर पोथी डोळ्यासमोर येणार असं झालेलं होतं.

तुमच्या आईला मात्र लगेच चूक म्हणू नका. परीस ऐकू येणं साहजिक आहे, त्यावर पुढचा प्रश्न आहेच.

प्रश्न : परीस दगड, परिसणे आणि आमच्या आजीच्या बोलण्यातलं 'त्यापरीस' हे तिन्ही एकाच शब्दातून आले का?

उत्तर : नाही, दिसायला भाऊ, पण घरं वेगळी. परीस म्हणजे लोखंडाचं सोनं करणारा तो काल्पनिक दगड, हा शब्द संस्कृत स्पर्श वरून आलाय, प्राकृतात त्याचं फरिस झालं आणि मग आपला परीस. म्हणजे यात मूळ गोष्ट शिवण्याची आहे, ऐकण्याची नाही. लिहिताना परीस मधला री दीर्घ, पण परिसाचा, परिसाला म्हटलं की ऱ्हस्व होतो, आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो कारण मग 'परिसा'पर्यंत दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात.

आजीचं 'त्यापरीस' म्हणजे त्यापेक्षा. 'असल्या जगण्यापरीस मेलेलं बरं' असं खेड्यापाड्यात अजूनही सहज बोलतात, तिथे ना दगड ना ऐकणं.

या घोळाचा सगळ्यात मोठा मानकरी म्हणजे परिसा भागवत. नामदेवांच्या कथांमध्ये हे नाव येतं. शाळेत असताना मी कितीतरी दिवस समजत होते की हे माणसाचं नाव नसून सूचना आहे, 'परिसा भागवत', म्हणजे भागवत ऐका बुवा! कथा अशी आहे की रुक्मिणीने प्रसन्न होऊन त्यांना परीस दिला म्हणून ते परिसा भागवत. पुढे त्यांच्या बायकोने तो परीस नामदेवांच्या बायकोला, राजाईला, थोड्या वेळापुरता वापरायला दिला आणि नामदेवांनी तो उचलून चंद्रभागेत टाकून दिला, मग परिसा भागवत भांडायला आले वगैरे. म्हणजे इथे दगडच आहे, ऐकण्याचा संबंध नाही. पण नाव वाचून कुणाला दुसरा अर्थ लागला तर मी हसणार नाही, माझंच झालंय.

आणि जाता जाता, परिसंवाद आणि परिसर यांना यात ओढू नका. परिसंवाद म्हणजे परि आणि संवाद. तिथे खूप वेळ ऐकत बसावं लागतं ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : श्रवण, अवधान, अवधारणे, परिसणे, परियेसणे. सगळ्याचा अर्थ ऐकणे असं तळटिपेत देतात. मग एवढे शब्द कशाला?

उत्तर : तळटीप लिहिणाऱ्याला जागा कमी असते म्हणून. पण तुमची शंका बरोबर आहे, हे सगळे एक नाहीत.

अवधान म्हणजे ऐकणं नाहीच मुळी, अवधान म्हणजे लक्ष. ते देतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवात बघा, 'तरी अवधान एकलें दीजे, मग सर्व सुखासि पात्र होईजे, हें प्रतिज्ञोत्तर माझें, उघड ऐका'. म्हणजे तुम्ही फक्त लक्ष द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, हे मी उघड सांगतोय, ऐका. एकाच ओवीत अवधान पण आहे आणि ऐका पण आहे, दोन्हीचं काम वेगळं. लक्ष आधी, ऐकणं नंतर. वर्गात मागच्या बाकावर बसून आपण ऐकत असायचो पण अवधान नसायचं, इतकं सोपं आहे ते.

अवधारणे दिसतं अवधानाच्या घरातलं पण धातू वेगळा. अवधान मध्ये धा, म्हणजे ठेवणे, आणि अवधारणे मध्ये धृ, म्हणजे धरणे. ऐकलेलं धरून ठेवायचं, मनात पक्कं करायचं, अशी त्यात छटा आहे. ज्ञानेश्वरीच्या अगदी दुसऱ्या ओवीत 'म्हणे निवृत्तिदासु, अवधारिजो जी' आहे. तिथे 'जी' आहे, 'अवधारिजो' हे विनंतीचं रूप आहे, म्हणजे मघाशी म्हटलं तसं आदर असतो तो आजूबाजूला आणि रूपात असतो.

श्रवण हा संस्कृतातला जसाच्या तसा शब्द आणि तो एकदम कार्यक्रमाचं नाव असल्यासारखा वापरला जातो. नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्ती, दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास त्यावरच आहे. श्रवण आपण 'करतो', जसं पारायण करतो. 'मी शेजारच्यांचं भांडण श्रवण केलं' म्हटलं की लोक हसतात, कारण त्यात बसून, ठरवून, शिस्तीत ऐकण्याची कल्पना आहे. (भांडणही काही लोक तसं ऐकतात, पण जाऊ दे.)

परियेसणे हा परिसणेचाच लांब उच्चार, गुरुचरित्र वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिथे सिद्धमुनी नामधारक या शिष्याला गोष्ट सांगताना सारखे परियेसीं, परियेसा करत असतात.

आणि ऐकणे. याच्यात एक अर्थ असा आहे जो बाकी कुणाकडे नाही, तो म्हणजे मानणे. 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे त्याच्या कानात काही दोष नाही, ते सांगितलेलं करत नाही. 'पोरगं परिसत नाही' असं म्हणून बघा, काहीच अर्थ लागत नाही. तसंच 'ऐकू येणे' आहे, फोनवर आपण हॅलो हॅलो ऐकू येतंय का म्हणतो, तिथे 'परिसू येतंय का' होत नाही. म्हणजे परिसणे फक्त तिथेच चालतं जिथे एक सांगणारा आहे, दुसरा ऐकणारा आहे, आणि सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा कान हवाय. त्यामुळे तो बहुतेक सांगणाऱ्याच्याच तोंडात सापडतो, परिस, परिसा, परिसावें, परिसोत.

इथे मला कायम एका गोष्टीचं नवल वाटतं. पोथीत 'परिसा', पण श्रावणातल्या कहाण्या आठवा, 'ऐका आदित्यराणूबाई तुमची कहाणी'. इथे सरळ ऐका! कारण कहाणी गद्यात, बायकांनी बायकांत सांगायची, घरच्या भाषेत, आटपाट नगर होतं, तिथे अक्षरं मोजायची नाहीत की टाळ नाही. आणि ऐका कुणाला म्हणतायत तर खुद्द देवतेला, तिचीच गोष्ट तिलाच. म्हणजे ज्या फॉर्वर्डमध्ये म्हटलंय की देवाधर्माचं असलं की परिसणे आणि घरगुती असलं की ऐकणे, त्याला ही एक कहाणी पुरेशी आहे. देवाला ऐका आणि सुनेला परिसें, अगदी उलटं!

प्रश्न : सोसायटीच्या कार्यक्रमाचं निवेदन मी करते. 'सर्वांनी अध्यक्षांचं मनोगत परिसावं' असं म्हटलं तर एक काका म्हणाले चुकीचं आहे. आहे का?

उत्तर : व्याकरणाने चूक नाही. पण तुमचं पुढचं वाक्य 'आणि त्यानंतर स्नॅक्सची व्यवस्था टेरेसवर केलेली आहे' असं असणार, मग ते परिसावं एकटंच फेटा बांधून उभं असल्यासारखं दिसतं. एकतर सगळं निवेदन थोडं जुन्या वळणाचं करा किंवा सरळ 'ऐकूया' म्हणा. गमतीत वापरायचं असेल तर मात्र बिनधास्त वापरा, सासूने सुनेला म्हटलंय तर अध्यक्षांना काय धाड भरलीये.

एवढंच बघा की आज्ञा-विनंतीच्या बाहेर नेऊ नका. पोथीत परिसोनि, परिसतां, परिसिलें अशी सगळी रूपं आहेत, पण आजच्या कानाला 'मी काल भाषण परिसलं' फार विचित्र लागतं. काकांना सांगा शब्द बरोबर आहे, फक्त 'परीसावे' असं दीर्घ री देऊन बॅनरवर छापू नका, नाहीतर दगडवाले लोक पुन्हा येतील.

प्रश्न : 'कान देणे' हे इंग्रजीवरून आलंय का? मित्राशी पैज लागलीये.

उत्तर : पैज तुम्ही कुठल्या बाजूने लावलीत ते लिहिलं नाहीत. आपल्याकडे कान फार राबवला जातो, कान देतो, कानावर घालतो, कानी पडतं, कान टवकारतो, कानाडोळा करतो, हलक्या कानाचा असतो, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतो आणि शेवटी कान धरतो. एवढा सगळा संसार असताना एक 'देणे' बाहेरून मागवायला लागलं असेल असं मला वाटत नाही. आणि अवधान तर आपण तेराव्या शतकापासून देतोच आहोत, वर ओवी दिलीच आहे. पैजेचे पैसे मात्र एवढ्यावर मागू नका, मित्र ऐकायचा नाही.

प्रश्न : मी जुन्या गोष्टी वाचून दाखवायचा पॉडकास्ट सुरू करतोय, नाव 'परिसा' ठेवायचं डोक्यात आहे. चालेल?

उत्तर : चालेल काय, धावेल. वर म्हटलं तसं सांगणारा आणि ऐकणारा दोघं हजर असले की हा शब्द आपल्या घरी असतो, आणि पॉडकास्टमध्ये दुसरं असतं तरी काय. अर्थ पण नेमका, तुम्ही सगळे ऐका. फक्त दोन गोष्टी. अर्धे लोक हा दगडाचा किंवा दागिन्यांच्या दुकानाचा पॉडकास्ट समजतील, तर लोगोमध्ये काहीतरी कानाचं, हेडफोनचं टाका. आणि दुसरं, नाव परिसा ठेवलंत म्हणून प्रत्येक वाक्यात श्रोते हो, परियेसा असं सुरू करू नका, गोष्ट नेहमीच्या भाषेतच सांगा, कहाणीसारखी.

पहिला एपिसोड आला की लिंक पाठवा, नक्की ऐकेन. परिसेन लिहिणार होते, पण आज्ञा-विनंतीच्या बाहेर नेऊ नका असं आत्ताच कुणाला तरी सांगून बसलेय.